बारा टोपल्या कोणी उचलल्या?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत बोलणाऱ्याने पूर्वजांची स्तुती करावी, ख्रिस्तमंदिराच्या उभारणीस कोणी किती हातभार लावला ते सांगावे, व शेवटी सर्वांचे आभार मानून खाली बसावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. माझ्यापूर्वी बोललेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी ते काम मजपेक्षा पुष्कळ चांगले केले आहे. समितीने मला नेमून दिलेला विषय निराळा आहे. चेंबूर व आसपासच्या वस्तीत लग्नघरांतून, हॉटेलांतून व केटररांच्या भटारखान्यांतून उरलेले चांगले अन्न उचलून ते भुकेल्यांपर्यंत पोचविण्याचे जे लहानसे काम आम्ही काही जण करीत आलो आहो, त्यात माणसे कशी जमवावी व जमलेली कशी टिकवावी, ह्याविषयी मी दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. अन्नदानाविषयी बोलणे गोड असते; पाळ्या लावण्याविषयी बोलणे रुक्ष असते. तरी आपण थोडा वेळ सोसावे, अशी विनंती आहे.

पाच भाकरी व दोन मासे ह्यांचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. त्यावरील प्रवचनांत चमत्काराचे वर्णन असते, व ते असावेच. परंतु ह्या कामात पडल्यापासून माझे लक्ष त्या प्रसंगातील दोन बारीक गोष्टींकडे जाऊ लागले. संत मार्क सांगतो की, भाकरी मोडण्यापूर्वी प्रभूने लोकांना हिरव्या गवतावर शंभर-शंभर व पन्नास-पन्नास अशा पंगतींनी बसविले. पाच हजार पुरुष, शिवाय बायका व मुले. एवढा समुदाय उपाशीपोटी उभा असता प्रथम अन्न बाहेर काढले असते, तर धटिंगणांनी पुढे घुसून खाल्ले असते व लेकुरवाळ्या बायका मागे राहिल्या असत्या. म्हणून आधी पंगत, मग भाकर. दुसरी गोष्ट संत योहान सांगतो: सर्व जेवून तृप्त झाल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्याची आज्ञा झाली व बारा टोपल्या भरल्या. मी स्वतःशी विचारतो, ह्या टोपल्या आल्या कोठून? त्या कोणी उचलल्या? संध्याकाळ झालेली, शिष्य दिवसभराचे थकलेले. त्यांच्यातला कोणी एखादा 'आज माझी पाळी नाही' असे म्हणाला नसेल काय? म्हणाला असेल, असे मला अनुभवावरून वाटते.

आता आपल्या गावाकडे वळू. ज्या चेंबुरात आपण बसलो आहो, तेथे आगगाडी कशासाठी आली हे तरुण मंडळींपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कुर्ल्याहून चेंबूरकडे लोहमार्ग घातला गेला तो १९०६ साली, मुंबई शहराचा कचरा वाहून आणण्यासाठी; त्यावर उतारूंची ने-आण सुरू झाली १९२४ साली. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारच्या मैदानात पडू लागला. जानेवारी २०१६ मध्ये त्या ढिगाला आग लागली, तेव्हा कित्येक दिवस धूर आपल्या घरांत शिरत होता, हे आपणा सर्वांस आठवत असेल. त्या ढिगात काय असते? कागद असतो, चिंध्या असतात, प्लास्टिक असते; आणि पुष्कळसे अन्न असते. कालच्या मेजवानीचा पुलाव, न मोडलेल्या पोळ्या, अर्धे कापलेले केक. त्या ढिगाच्या पायथ्याशी शिवाजीनगर, बैंगनवाडी, व थोडे पुढे मानखुर्द ह्या वस्त्यांत जी माणसे राहतात, त्यांच्या घरी संध्याकाळची चूल पेटेल की नाही हे त्या दिवशी मिळालेल्या मजुरीवर ठरते. मुंबईचा २००९ सालचा मानवी विकास अहवाल निघाला, त्यात हाच एम-पूर्व विभाग सर्व विभागांत तळाशी होता. एका बाजूने अन्न येते व पुरले जाते. दुसऱ्या बाजूने त्याच रस्त्याने उपाशी माणूस घरी जातो. दोहोंमध्ये अंतर फार तर काही फर्लांगांचे. त्या अंतरात उभे राहणे, एवढेच आमचे काम आहे.

हे काम आम्ही शोधून काढले, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. अमेरिकेत ॲरिझोना प्रांतातील फिनिक्स नावाच्या शहरी जॉन व्हॅन हेंगल नावाचे एक गृहस्थ होते. व्यापारधंदा सोडून ते संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या अन्नछत्रात स्वयंसेवक म्हणून राबत. तेथे त्यांना दहा मुलांची एक आई भेटली. ती दुकानांच्या मागील कचऱ्याच्या पिंपांतून चांगले अन्न वेचून मुलांना जगवीत होती. पैसे ठेवावयास व काढावयास जशी पेढी असते तशी अन्नाची का नसावी, असे तीच बोलली. १९६७ साली तेथील सेंट मेरी धर्मग्रामाने व्हॅन हेंगल ह्यांना एक रिकामी पडलेली बेकरी व ३,००० डॉलर दिले, आणि जगातील पहिली अन्नपेढी उभी राहिली. म्हणजे ज्या कल्पनेचा आज देशोदेशी विस्तार झाला आहे, ती एका गरीब बाईच्या तोंडून निघाली व एका धर्मग्रामाच्या पडीक खोलीत वाढली. आपल्या ख्रिस्तमंदिराच्या मागील खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत, त्यांच्याकडे पाहिले की मला ही गोष्ट आठवते. (खजिनदारांनी हे मनावर घेऊ नये.)

पुढे २०११ साली पोर्तुगाल देशात लिस्बन शहरी हंटर हाल्डर नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने सायकलवर टोपल्या बांधून हॉटेलांचे उरलेले अन्न गोळा करावयास आरंभ केला. हे काम पाहून नील घोष नावाच्या तरुणाने, मित्रांना घेऊन, ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्लीत 'रॉबिन हूड आर्मी' उभारली. ही मंडळी कोणाकडून एक पैसाही घेत नाहीत, वेळ मात्र मागतात. त्यांच्या तुकड्या पुढे मुंबईतही निघाल्या. आणि २०१५ साली डिसेंबरात आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांनी 'रोटी बँक' काढली. १८९० पासून घरचा डबा कचेरीत पोचविणारी ही माणसे. लग्नात उरलेले अन्न वेळेत उचलून नेण्यास त्यांच्याहून लायक कोण? त्यानंतर मुंबईचे निवृत्त पोलीस आयुक्त डी. शिवानंदन ह्यांनीही त्याच नावाने मोठ्या प्रमाणावर काम सुरू केले. ह्या सर्वांपुढे आमचे मंडळ म्हणजे समईपुढे काडी. पण काडीलाही तेल लागतेच.

आता मुख्य विषयाकडे येतो.

लोकांस वाटते की, ह्या कामात अडचण अन्नाची असेल. तसे नाही. अन्न हवे तेवढे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०२२ ह्या एका वर्षी जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न, सालपटे-हाडकांसह, वाया गेल्याचे म्हटले आहे. आणि त्यातला सुमारे ६० टक्के भाग हॉटेलांतून वा दुकानांतून नव्हे, तर तुमच्याआमच्या घरांतून गेला. माझी आजी १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाल्यानंतरचे दिवस पाहिलेली होती; ती ताटाखाली पडलेले शीत बोटाने टिपून घेई. आम्ही तिला हसत असू. असो. अन्न आहे, घेणारे आहेत, बहुतेक वेळा गाडीही मिळते. कमी पडतो तो ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी उभा असलेला माणूस.

आणि वेळेचा प्रश्न हा सौजन्याचा प्रश्न नसून आरोग्याचा आहे, हे प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला मी प्रथम सांगतो. शिजविलेले अन्न ६० अंशांहून अधिक गरम असावे किंवा ५ अंशांहून थंड असावे. ह्या दोहोंमध्ये ते जितका वेळ राहील तितका त्यात रोगजंतूंचा संसार वाढतो. भाताचे तर विशेष आहे. त्यातील एका जातीचे जंतुबीज शिजवूनही मरत नाही. भात कोमट राहिला की ते जागे होते, आणि जे विष निर्माण करते ते पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून 'गरम करून देऊ' हे उत्तर चालत नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली स्वतंत्र नियम केले, ते १ जुलै २०२० पासून लागू आहेत. वाटप करणाऱ्या मंडळींनी नोंदणी करावी व कोणाकडून काय घेतले, कोणास दिले ह्याची वही ठेवावी, असे त्यांचे सांगणे आहे. आमच्या तरुणांस ही वही म्हणजे डोकेदुखी वाटते. परोपकार करावयास निघालेल्या माणसाला वही दाखविली की त्याचा चेहरा उतरतो. पण गरिबाचे पोट श्रीमंताच्या पोटाहून कणखर असते, हा जो समज आपल्या मनात खोल दडलेला असतो, त्याला ह्या वहीवाचून उतारा नाही.

ह्या ठिकाणी मला माझ्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची, आषाढातली एक संध्याकाळ. एका सभागृहात दुपारचे लग्न होते. दोन वाजता तेथून फोन आला: साठ-सत्तर पानांचा पुलाव व डाळ शिल्लक आहे, चारपर्यंत घेऊन जा. मी दोघा स्वयंसेवकांना निरोप धाडला व माझ्या नोकरीच्या कामास लागलो. निरोप व्हॉट्सॲपवर होता, आणि त्यात 'तुमच्यापैकी कोणी जावे' एवढेच लिहिले होते. दोघेही सज्जन. पहिल्याने समजून घेतले की दुसरा जाईल. दुसऱ्याने समजून घेतले की पहिला गेलाच असेल. साडेसात वाजता सभागृहाच्या रखवालदाराने मला विचारले, टोप रिकामे करावयाचे आहेत, काय करू? मी धावत गेलो. पाऊस कोसळत होता. रिक्षा मिळावयास अर्धा तास गेला. देवनारपलीकडील वस्तीत पोचलो तेव्हा नऊ वाजले होते, आणि बायका-मुले डबे घेऊन पत्र्याच्या आडोशाला उभीच होती, कारण येणार असा निरोप त्यांना मीच दुपारी दिला होता.

झाकण काढले. वास अगदी आंबलेला होता असे म्हणता येत नाही. चांगला होता असेही म्हणता येत नाही. भात कोमट होता, म्हणजे सात-आठ तास कोमटच होता. मी म्हणालो, हे देता येत नाही. तेव्हा रांगेतील पहिली म्हातारी पुढे आली. ती म्हणाली, "बाबा, वास आम्हालाबी कळतो. तू दे. आम्ही खाऊ, तुज्यावर बोल नाय येणार." तिच्या मागे दोन मुले उभी होती. मी दिले नाही. त्या सर्वांच्या देखत दोन टोप गटाराशी उपडे केले, कारण तेथे तसेच ठेवले असते तर मुलांनी खाल्ले असते. पुलावावर पाऊस पडत होता तो मी पाहिला आहे. कोपऱ्यावरील दुकानातून होते तेवढे पाव व केळी घेऊन वाटली. ती सर्वांस पुरली नाहीत. म्हातारीने घेतली नाहीत.

मी टाकले ते योग्यच केले, असे वैद्यक सांगते, नियम सांगतात व माझी बुद्धीही सांगते. तरी त्या रात्री झोप आली नाही. चूक नऊ वाजता झाली नव्हती. ती दोन वाजता, 'कोणी जावे' ह्या दोन शब्दांत झाली होती. त्या दोघा तरुणांवर मी रागावलो नाही, कारण रागावण्याचा अधिकार मला नव्हता. 'कोणी' नावाचा स्वयंसेवक आमच्या यादीत नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे निरोप नावानिशी जातो. अमक्याने जावयाचे, तमका त्याचा जोडीदार, आणि अमकी बाई घरी बसून दोघांना फोन करणार. जाणाऱ्याने 'हो' असे कळविल्यावाचून ती पाळी भरली असे धरीत नाही; पंधरा मिनिटांत 'हो' आले नाही तर पुढील नाव. ही फोन करणारी बाई म्हणजे आमच्या मंडळाचा कणा आहे. आमच्या तिघी अशा आहेत. तिघींचीही वये सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही. काम मागावयास आल्या तेव्हा म्हणाल्या, आम्ही काय करणार? आज त्यांच्यावाचून टोप हलत नाही, आणि तरुण मंडळी माझ्यापेक्षा त्यांना अधिक भितात. म्हाताऱ्या माणसांना सभेत पुढच्या खुर्च्या व कामात मागच्या, असे जे आपण करतो, ते बंद केल्यास पुष्कळ हात मिळतील.

स्वयंसेवक का सोडून जातात, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. आळसाने जाणारे थोडे. पुष्कळसे जातात ते फार काम केल्यामुळे. जो एकदा 'हो' म्हणतो त्यालाच आपण पुन्हा पुन्हा बोलावतो. तो भिडेखातर येतो, घरी भांडण होते, परीक्षा बुडते, आणि एके दिवशी तो फोन उचलणे सोडतो. मग आपण म्हणतो, आजकालच्या पोरांत चिकाटी नाही. आता आम्ही आठवड्यातून एकाहून अधिक पाळी कोणास देत नाही, कितीही उत्साह दाखविला तरी. आणि 'नाही' म्हणणाऱ्याचे आभार मानतो. वेळेवर आलेले 'नाही' हे उशिरा आलेल्या 'हो'पेक्षा मोलाचे आहे. ते आले की दुसऱ्यास बोलावता येते.

नाताळच्या आठवड्यात आमच्याकडे इतके लोक येतात की टोपास चार जणांचे हात लागतात. चाळीसदिवसीय उपवासकाळातही बरे असतात. जून महिना लागला की रस्ता ओस. ह्यास उपाय मला सापडलेला नाही. एवढे मात्र करतो की, डिसेंबरात येणाऱ्यास टोपाजवळ उभे न करता जुलैतील एक तारीख वहीत लिहून देण्यास सांगतो. काही लिहितात, काही हसून निघून जातात.

छायाचित्रांविषयी एक शब्द. कोणी पुढे केलेल्या हातात अन्न ठेवताना आपले छायाचित्र काढू नये, हा आमचा नियम आहे. ह्यावरून काही चांगली माणसे रुसली. एका महाविद्यालयीन मुलाने मला सरळ विचारले की, दाखविले नाही तर दुसऱ्यांना स्फूर्ती कशी मिळणार? प्रश्न अयोग्य नव्हता. मी त्याला एक दिवस वाटपाच्या ऐवजी रांगेत, डबा घेऊन, वीस मिनिटे उभे राहण्यास सांगितले. तो उभा राहिला. नंतर तो त्या विषयावर बोलला नाही, मीही बोललो नाही.

तसेच, कोणाचा धर्म विचारू नये व आपला सांगत बसू नये. मात्र लोकांची रीत ठाऊक असावी. रमजानात दुपारी तीन वाजता गोवंडीत पुलाव घेऊन जाणे म्हणजे अज्ञानाचे प्रदर्शन. तोच सूर्यास्तापूर्वी अर्धा तास पोचला तर घराघरांतून स्वागत होते. सामिष व निरामिष टोपांच्या झाकणांवर वेगळ्या रंगाची फीत लावावी, डाव वेगळे ठेवावे, व अन्नात काय आहे ते विचारल्यास खरे सांगावे. ठाऊक नसल्यास 'ठाऊक नाही' म्हणावे. भुकेल्या माणसाला निवड नसते, असे म्हणणाऱ्याने कधी भूक पाहिलेली नसते.

शेवटची गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांतील. जेरुसलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस गप्प बसविले नाही. त्यांनी सात माणसे निवडविली. आणि त्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप, प्रोखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटपाचा डाव त्यांच्याच हाती गेला.

आमच्याकडेही तशीच तक्रार आली. वस्तीच्या तोंडाशी राहणाऱ्यांस दरवेळी मिळते, आतल्या गल्लीस केव्हाही मिळत नाही, असे एक बाई भर रांगेत ओरडून बोलली. प्रथम मला राग आला. एवढे करून शिव्याच खाव्या काय, असे वाटले. नंतर वही उघडून पाहिली. बाईचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमची रिक्षा जेथवर जाई तेथवरच आमचे दातृत्व जात होते. पुढल्या आठवड्यात मी तिलाच विचारले की, आतल्या गल्लीचे वाटप तुम्ही पाहाल काय? आज ती व तिच्या तीन शेजारणी तेथील सर्व व्यवस्था पाहतात. कोणत्या घरी बाळंतीण आहे, कोणाचा नवरा दवाखान्यात आहे, कोणाकडे आज पगार झाला असून तो उगाच रांगेत उभा आहे, हे त्यांना ठाऊक असते, आम्हांस कधीच कळले नसते. त्या माझे अंदाज खोडून काढतात आणि बहुधा त्यांचेच बरोबर निघते. परवा तिने मला फोनवर सांगितले की, सोमवारी आलेल्या पोळ्या कडक होत्या, केटररला कळवा. मी कळविले.

पावसाळा जवळ आला आहे. सध्या आमच्या यादीत मंगळवारची रात्र व गुरुवारची दुपार रिकामी आहे. मंगळवारी एक चालविणारा व एक जोडीदार हवा. गुरुवारी घरी बसून फोन करणारे कोणीतरी हवे. चुकलो, 'कोणीतरी' नको, नाव हवे. वही सभागृहाच्या दाराशी, शरबताच्या टेबलाच्या डाव्या बाजूस ठेवली आहे. पेन दोऱ्याने बांधलेले आहे, कारण मागील दोन हरवले.